नऊ नंबरची ऊब

१ नोव्हेंबर

कंपनीने दोन रजिस्टरं दिली. एकात रोजचे आकडे भरायचे. दुसरं कशाला, असं विचारलं तर प्राची मॅडम म्हणाल्या, "पहिलं संपलं की घ्या, काका." पहिलं संपायला वर्ष लागेल. तोवर दुसरं कोरं ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. कोऱ्या पानाचा मोह मला शाळेपासून.

वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. इतकी वर्षं हाताने फक्त आकडे लिहिले, आणि मनात कविता म्हटल्या. तिसरी-चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या अजून पाठ आहेत. नावच पोपट, त्यामुळे वर्गात सगळे म्हणायचे, याला मिरची द्या, हा अजून एक कडवं म्हणेल.

निशा फोनवर रागावली. "बाबा, एकाहत्तराव्या वर्षी कचऱ्याच्या डोंगरावर नोकरी? वर्तकनगरला काय कमी होतं तुम्हाला?" कमी काहीच नव्हतं. पण कोंडखार माझं गाव आहे, आणि तो डोंगर जिथे उभा आहे तिथे माझं लहानपण आहे. हे तिला कसं सांगू? पुतण्याने एक खोली दिली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो.

४ नोव्हेंबर

आज मॅडमनी सगळा डोंगर पायी फिरवला. वयाने माझ्या निशापेक्षा लहान, पण चढताना एकदाही थांबल्या नाहीत.

पंचवीस वर्षं अख्ख्या कल्याण-डोंबिवलीकडचा कचरा इथे पडला. आता वर मातीचा थर आहे, त्यावर गवत. आत कचरा कुजतो, त्याचा गॅस होतो. बावीस ठिकाणी भोकं पाडलेले पाइप खोल पुरलेत, त्यांनाच इथे विहिरी म्हणतात. ब्लोअर त्यांतून गॅस ओढतो, इंजिन तो जाळतं आणि वीज तयार होते. रोज सकाळी बावीस विहिरींना मीटर लावायचं, मिथेन किती, ऑक्सिजन किती, तापमान किती, ते लिहायचं, आणि गरजेप्रमाणे व्हॉल्व्ह फिरवायचा, एवढं माझं काम.

"काका, हा डोंगर म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं," मॅडम म्हणाल्या. "आपण जास्त ओढलं की वरच्या मातीतून हवा आत शिरते. मग आतला कचरा धुमसायला लागतो. पंचावन्नच्या वर तापमान गेलं की ती विहीर बंद करायची आणि मला फोन. दिवाळी असो नाहीतर दसरा."

"मॅडम, आगीशी माझी चौतीस वर्षांची ओळख आहे."

"ती आग तुम्हाला दिसत होती, काका. ही दिसणार नाही."

हुशार मुलगी आहे. बोलते मात्र पुस्तकातलं.

खरी गोष्ट पालिकेच्या मुदतीची. ३१ जानेवारीपर्यंत तीन महिने इंजिन सरासरी दोनशे किलोवॉटवर चाललं, तर प्लांट राहील आणि डोंगर कायमचा बंद. नाही चाललं, तर प्लांट गुंडाळायचा आणि कचऱ्याचे ट्रक पुन्हा आमच्या गावात. गावात दुसरा विषयच नाही. ट्रक होते तेव्हा इथे लोक मच्छरदाणीत बसून जेवायचे, माशांमुळे. बाहेरचं कुणी इथे मुलगी देत नव्हतं.

नाथा मढवी लहानपणापासूनचा मित्र, शाळेत मात्र कधी बसला नाही. माझ्याकडे बोट दाखवून चावडीवर म्हणाला, "आता गावाची इज्जत या पोपट्याच्या हातात हाय. कविता म्हनत बसू नको म्हनजे झालं."

१२ नोव्हेंबर

इंजिन दोनशे पंधरावर. त्याचा आवाज शेडच्या पत्र्यातून छातीत येतो. बॉयलर बंद झाल्यापासून असा आवाज ऐकला नव्हता. रात्री झोप लागेना ती लागायला लागली.

आज नऊ नंबरच्या विहिरीपाशी बराच वेळ उभा राहिलो. पश्चिमेच्या उतारावर आहे, गावाच्या अंगाला. खाडी, जुना बांध आणि वडाचं झाड असा अंदाज धरला तर आमची शाळा बरोबर या नऊ नंबरच्या खाली येते. मिठागराच्या कंपनीचं एक कौलारू छप्पर होतं, त्यात चार इयत्ता एका खोलीत. सोमण गुरुजी कविता शिकवायचे तेव्हा बाहेर मिठाचे ढीग उन्हात चमकायचे, आणि वर्गातल्या भिंतींवर तो पांढरा उजेड हलायचा. ती खोली आता पंधरा मीटर कचऱ्याखाली आहे. पाइपला कान लावला. आतून सूं सूं येत होतं, मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत व्हायच्या आधी येतं तसं.

२३ नोव्हेंबर

वाईट दिवस. चार दिवसांपासून मिथेन उतरतंय. इंजिन एकशे ब्याण्णव.

मॅडमना फोन केला. त्या शीळफाट्याच्या पलीकडे दुसरी साइट सांभाळतात, इकडे आठवड्यातून एक-दोनदा येतात. म्हणाल्या, "थोडं थांबा, काका. डोंगर दमलाय, त्याला दोन दिवस द्या. व्हॉल्व्ह पावापेक्षा जास्त उघडू नका."

दोन दिवस कसे द्यायचे? नाथा शेडच्या दारातच बसून होता. आकडा वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

"कमी हाय?"

"आठने कमी."

"मंग खेच ना अजून! आतमंदी पंचवीस वर्साचा कचरा हाय, आम्ही पायलाय टाकताना. संपंल कसा?"

त्याचं चूक म्हणता येत नाही. नऊ नंबर सगळ्यांत चांगला गॅस देते. तिचा व्हॉल्व्ह अर्धा उघडला. तासाभरात दोनशे आठ. नाथाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली पडला.

२ डिसेंबर

काय सकाळ होती! डोंगराच्या पश्चिम उतारावर धुकं. बाकी कुठे नाही, फक्त तिथे, गवताच्या वर हातभर. लहानपणी मिठागरावर अगदी असंच धुकं उतरायचं, आणि बांधावरून शाळेत जाताना आमचे पाय दिसायचे नाहीत. पन्नास-साठ वर्षांनी ते परत आलं, माझी आठवण ठेवून.

गावातली पाच-सहा कुत्री नऊ नंबरभोवती वेटोळी करून झोपलेली. हात लावून पाहिलं, जमीन कोमट. जनावराला कुणी शिकवावं लागत नाही.

नऊ नंबरचं तापमान: ४९. बाकीच्या चाळीसच्या आसपास.

९ डिसेंबर

आज बायजा भेटली. नाथाची बायको, आणि माझ्याच वर्गातली. तिसरीत तिची शाळा सुटली, मिठागरावर पाटी उचलायला लागली म्हणून. वर्गात तिचा आवाज सगळ्यांत मोठा. कविता चुकायची, पण थांबायची नाही. चुकलेल्या ओळी तिने म्हटल्या की त्याच खऱ्या वाटायच्या.

आता गुडघे पार गेलेत. भिंत धरून चालते. पायरीवर वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसली होती.

"काय गं, किती वेळ टिकते वाळूची ऊब?"

"दोन घडी. नवऱ्याच्या प्रेमावानी." नाथा आतून काहीतरी ओरडला. ती हसली. "तुझ्या कंपनीत गरम पानी-बिनी मिलतं का रे?"

आणि मला सुचलं. आजवर मला इतकी चांगली गोष्ट सुचली नसेल. म्हटलं, "गरम पाणी नाही, गरम जमीन मिळते. माझ्याबरोबर चल."

नाथाने आणि मी दोन बाजूंनी धरून तिला वर नेलं. नऊ नंबरशेजारी गोणपाट अंथरलं. ती पाय पसरून बसली आणि गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "पोपट्या, हे कुनी पेटवून ठेवलंय रे माझ्यासाठी?"

मी सांगितलं, आपण शाळेच्या छपरावर बसलोय. तिने जमिनीवर हात फिरवला. "म्हंजे माझी पाटी खालीच हाय अजून."

१७ डिसेंबर

बायजा रोज सकाळी साडेसातला येते. काठी एकच. भिंत धरायची गरज राहिली नाही. उतरताना म्हणते, "आज दुखनं विसरायला झालं."

मिथेन पुन्हा उतरलं, ऑक्सिजन तीनवर. मॅडम म्हणतात, ऑक्सिजन दोनच्या वर म्हणजे हवा आत जातेय, व्हॉल्व्ह कमी करा. कमी केला की इंजिन एकशे ऐंशी. ऑफिसातून विनीत साहेबांचा फोन येतो, "काका, दोनशे दिसू दे." या दोघांच्या मध्ये मी उभा. व्हॉल्व्ह पाऊण उघडला. इंजिन दोनशे तीन.

शिवाय कमी केला तर जमीन गार होईल का, असाही एक विचार आला. तो चांगला की वाईट, ते ठरवलं नाही.

नऊ नंबर: ५३.

२० डिसेंबर

नऊ नंबर: ५७.

नियम पंचावन्नचा. विहीर बंद करून फोन करायला हवा. नऊ बंद केली तर इंजिन एकशे साठच्या पुढे जाणार नाही, आणि मुदतीला अजून सहा आठवडे.

आमच्या बॉयलर हाउसमध्ये एक रीत होती. काटा लाल रेषेला लागला तर रजिस्टरमध्ये रेषेच्या एक घर आत लिहायचं, आणि मग स्टूल ओढून स्वतः काट्यासमोर बसायचं. लिहिलेला आकडा साहेबासाठी, बघितलेला आकडा आपल्यासाठी. माझ्या वस्तादाने शिकवलेलं. चौतीस वर्षांत एकदाही बॉयलरने दगा दिला नाही, कारण आम्ही बसून राहायचो.

रजिस्टरमध्ये ५४ लिहिलं. इथे खरं लिहितोय, आणि रोज दोनदा जाऊन बघणार.

संध्याकाळी रजिस्टरच्या पानाचा फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं: "तुमच्या अक्षराकडे बघूनच बरं वाटतं, काका. दुसऱ्या साइटवर कोंबडीचे पाय असतात."

हे वाचून आनंद व्हायला हवा होता.

२६ डिसेंबर

नऊ नंबरवर आता चार जणी असतात. बायजा, गंगुबाई, सखुबाई आणि तिची जाऊ. मी त्यांना शेक मंडळ म्हणतो. त्या मला डॉक्टर म्हणतात. "डॉक्टर, आज उजव्या कुशीला कमी लागतंय, जरा पेटवा की." हसून हसून पुरेवाट.

उतारावर एक वास येतो, सकाळी जास्त. गोडसर, जळका. कुठे घेतला होता हा वास, म्हणून दोन दिवस डोकं खाजवलं. आज आठवलं. पोपटीचं मडकं! थंडीत शेतात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भरायच्या, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. उघडल्यावर पहिला जो भपकारा यायचा, तो हाच.

बसल्या बसल्या दोन ओळी झाल्या:

मातीखाली कुणी लाविली चूल अशी ही न्यारी,
थकलेली पाउले विसावत येती हिच्या दारी.

बायजाला म्हणून दाखवल्या. म्हणाली, "बरी हाय. पन चुलीव काय शिजतंय ते नाय सांगितलंस."

नऊ नंबर: ६१. लिहिलं ५४. ऑक्सिजन ४. लिहिलं २.

३ जानेवारी

नऊ नंबरभोवतीचं गवत पिवळं पडलं आहे, बरोबर गोल. गोलाच्या आत जमीन थोडी बसली आहे, ताटासारखी. बायकांना आवडलं, पाठ टेकायला बरं म्हणतात.

काळ्या कुत्रीची दोन पिल्लं तिथे मेलेली सापडली. अंगावर जखम नाही. थंडीने गेली असतील असं नाथा म्हणाला. ऊब असताना थंडीने कशी जातील, असं मनात आलं, पण मी त्याला विचारलं नाही.

बायजाचं डोकं जड असतं दोन दिवस. गंगुबाईला उलटी झाली, ती आता येत नाही. बायजाला बामची बाटली नेऊन दिली. म्हटलं, चार दिवस घरी बस. तर म्हणते, "डोकं दुखलं तं दुखूदे. डोक्याव चालत नाय मी."

नऊ नंबर: ६६.

८ जानेवारी

मॅडम तीन आठवड्यांनी आल्या होत्या, तिकडच्या साइटवर अडकल्या होत्या. तासभरच. इंजिनाचं तेल बदलायचं होतं, त्यातच वेळ गेला. डोंगरावर जायला निघाल्या तेवढ्यात शीळफाट्याहून फोन आला. "नऊ नंबर ठीक आहे ना, काका?" मी म्हणालो, "चोपन्नच्या वर जात नाही." त्या थांबल्या. "वीस दिवस चोपन्न? हलत नाही?" मग स्वतःच म्हणाल्या, "तसं स्थिर असणं चांगलं. पुढच्या आठवड्यात येते, आपण दोघं बघू." आणि गाडीत बसल्या.

त्यांनी थांबून एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर मी सांगितलं असतं. असं आता वाटतं. त्या वेळी वाटलं, सुटलो.

नऊ नंबरचा पाइप मानेपाशी वाकला आहे. प्लास्टिकचाच तो, उन्हाने मऊ पडला असणार. बांबूचा टेकू दिला. पाइपला हात लावला तेव्हा हात पटकन मागे घ्यावा लागला. जानेवारीच्या उन्हाने.

नऊ नंबर: ७२. मीटर जुनं आहे का?

१४ जानेवारी

संक्रांत. बायजाने डोंगरावर तिळगूळ आणला. मी म्हणालो, तुझ्या हातचे लाडू शाळेत दगडाने फोडायचो. ती म्हणाली, "तुझे दात व्हते तवा. आता चोखून खा."

सतरा दिवस राहिले. सरासरी दोनशे चार आहे. नाथाने हिशेब माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. गावाने ठरवलंय, ३१ तारखेला इंजिनाला हार घालायचा. "आणि पोपट्याला?" बायजाने विचारलं. "त्याला मिरची," नाथा म्हणाला.

सखुबाई आणि तिची जाऊ आल्या नव्हत्या, सणाची गडबड. आम्ही तिघंच. खाडीकडून वारा होता. बायजा तिसरीतली कविता म्हणायला लागली, नेहमीसारखी चुकत. मी दुरुस्त करत होतो. मग दुरुस्त करायचं सोडून दिलं.

अशी दुपार माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते?

१७ जानेवारी

काल सकाळी साडेसात-पावणेआठ. मी चार नंबरवर रीडिंग घेत होतो. बायजा एकटी होती. आवाज झाला नाही. गोणी खाली ठेवावी तेवढाच.

वळून पाहिलं तर ती कमरेपर्यंत जमिनीत. तिच्याभोवती वाफ. मी धावलो. हात धरले. ओढताना कडेची माती आत जात होती, आणि आत लाल होतं. आग मी ओळखतो. ती आग होती.

"सोडू नको," ती म्हणाली. सोडलं नाही. बाहेर काढली. पायांकडे मी बघितलं नाही.

ठाण्याला नेलं. नाथा बरोबर आहे. मला येऊ नको म्हणाले, तुझ्याच हातांना पट्ट्या बांधल्यात. म्हणून अक्षर असं.

२० जानेवारी

बायजा काल दुपारी गेली.

२२ जानेवारी

बाहेरून तज्ज्ञ आले. नऊ नंबरला त्यांच्या मीटरने ८१. सात, आठ, दहासुद्धा पेटलेल्या. आतून उताराचा अर्धा भाग कोळसा झालाय. ओढ बंद करून वर माती टाकताहेत. इंजिन पूर्वेच्या विहिरींवर हळू चालू आहे. मेलेली पिल्लं, बायकांची डोकेदुखी, सगळं आतून येणाऱ्या विषारी वायूने, असं त्यांच्यातल्या एकाने मला समजावून सांगितलं. मला कळावं म्हणून सोपं करून, सावकाश. मी मान हलवत होतो.

विनीत साहेबांनी शेडमध्ये खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. रजिस्टर त्यांच्या मांडीवर.

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळीकडे चोपन्न आहे. म्हणजे मीटरच कमी दाखवत होतं. ते तपासून घेणं प्राची मॅडमचं काम. त्यांना घरी बसवलंय."

"मग प्लांट?"

"एका इंजिनिअरची हयगय ठरली, तर प्लांट वाचतो. पालिका अपघाताचे दिवस वगळून मुदत मोजणार आहे, सरासरी आपली बसतेय. पण रजिस्टरच खोटं ठरलं असतं ना, तर तीन महिन्यांच्या नोंदी सगळ्या रद्द. मुदत फसली, ट्रक चालू." त्यांनी रजिस्टर मिटलं. "नशीब, तुमचं अक्षर इतकं स्वच्छ आहे."

त्यांना माहीत आहे का? त्यांच्या डोळ्यांवरून सांगता येत नव्हतं.

२५ जानेवारी

ही वही घेऊन नाथाकडे गेलो. दिवस कार्याचे, घरात माणसं होती. तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला. त्याला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. वीस डिसेंबरपासून. बायजा जिथे जिथे हसली ते सावकाश वाचलं. त्याने एकदाही थांब म्हटलं नाही.

संपल्यावर विचारलं, "आग हाय ते तुना ठाव व्हतं?"

"नव्हतं."

"आकडा ठाव व्हता."

"होता."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला. आत कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाला, "वही कुनाला दाखवू नको. ट्रक येतील. बायजा गेली, आता गाव कशाला मारतोस?" उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आनि उद्यापासून माझ्या दारात येऊ नको."

२८ जानेवारी

आज प्राची मॅडमचा फोन आला. मला वाटलं, जाब विचारतील. त्यांनी विचारलं, "हात बरे आहेत का, काका?"

मी हो म्हणालो.

मग म्हणाल्या, "मीटर मी सप्टेंबरमध्ये तपासून आणलं होतं हो. कागद आहे माझ्याकडे. पण आता वाटतं, माझंच काहीतरी राहिलं असेल. त्या दिवशी वर यायला हवं होतं. चोपन्न हलत नाही म्हटल्यावर तरी. त्या आजींचं नाव काय होतं? कुणी सांगितलंच नाही मला."

नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं. बायजा.

फोन ठेवला. एखादी ओळ आठवेल म्हणून वाट पाहिली. लहानपणापासून कुठल्याही दुःखाला एक ओळ सापडायची. आज एकही नाही. सगळ्या पाठ आहेत, पण कुठलीच येत नाही.

३० जानेवारी

निशाला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बाबा, घरी या, आणि काही बोलू नका. तुम्हाला आत टाकतील." आधी येण्याबद्दल म्हणाली, मग आत टाकण्याबद्दल. पोरगी चांगली आहे.

नाथाच्या दारावरून गेलो नाही, मागच्या वाटेने गेलो. गावात कुणाला सांगितलं नाही. उद्या ट्रक आले तर ते मला माफ करणार नाहीत, आणि का करावं? पण गाव वाचवायला मी ज्या मुलीचा बळी देतोय तिला बायजाचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

विनीत साहेबांकडून रजिस्टर मागून घेतलं. म्हटलं, शेवटचं पान भरायचं राहिलंय. त्यांनी दिलं.

शेडमध्ये बसून लाल पेनाने सुरुवात केली. बोटं अजून नीट वळत नाहीत. वीस डिसेंबर: ५४ खोडलं, ५७ लिहिलं, सही केली. ऑक्सिजन. सही. एकवीस डिसेंबर. सही. या वहीत ज्या दिवसांचा आकडा नव्हता तिथे 'आठवत नाही, पंचावन्नच्या वर होतं' असं लिहिलं. पोपट पांडुरंग केणे, प्रत्येक खोडलेल्या आकड्याला. उद्या सकाळी दहाला पालिकेची चौकशी समिती बसते. रजिस्टर आणि ही वही, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवणार.

१६ जानेवारीची ओळ कोरी होती. त्या दिवशी नऊ नंबरचं रीडिंग घेतलंच नव्हतं. सगळे रकाने रिकामे सोडले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

या जागी बायजा नाथा मढवी बसली होती. तिला बसायला मी सांगितलं होतं.